चित्रात न दिसणारे दुखणे

आठवी-नववीच्या वर्गांना शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षिकांना हा अनुभव असतो. एखादी हुशार, उत्साही मुलगी दर महिन्याला ठरावीक दोन-तीन दिवस गैरहजर राहते. आली तरी बाकावर डोके टेकून बसते. पाळीच्या दिवसांत तिचे पोट असह्य दुखते. घरचे तिला दवाखान्यात नेतात, पोटाची सोनोग्राफी होते आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. मग घरात, आणि कधी कधी शाळेतही, त्याचा अर्थ असा लावला जातो की मुलीला काहीच झालेले नाही, ती उगीच कुरकुरते.

याच वर्गात दुसरी एक मुलगी असते. तिची पाळी अनियमित आहे. तिचीही सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर ‘पीसीओडी’ ही चार अक्षरे येतात. आता तिची आई घाबरते. पुढे हिचे लग्न होईल का, हिला मूल होईल का, अशी कुजबुज सुरू होते.

पहिलीच्या रिपोर्टमुळे तिचे दुखणे खोटे ठरले, दुसरीच्या रिपोर्टमुळे ती आजारी ठरली. वस्तुतः दोन्ही रिपोर्टांनी फक्त यंत्राला काय दिसले एवढेच सांगितले होते. यंत्राला दिसणे आणि आजार असणे यांच्यात अंतर असते. ते अंतर कसे आणि कोठे पडते, हे वैद्यकाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने कळत गेले. तो इतिहास समजून घेतला, तर या दोघी मुलींना आपण अधिक शहाणपणाने मदत करू शकू.

हाताची बोटे आणि क्ष-किरण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्त्रीरोगांच्या निदानाची मुख्य साधने दोन होती. रुग्णेने सांगितलेली हकीकत आणि डॉक्टरांची बोटे. एक हात ओटीपोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटे योनिमार्गात, अशा रीतीने गर्भाशय व बीजांडकोश चाचपून पाहायचे. मोठी गाठ असेल तर ती हाताला लागे. पण ती कशाची, हे पोट उघडल्यावरच कळे.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीराच्या आत डोकावता येऊ लागले. मोडलेले हाड, गिळलेले नाणे लख्ख दिसू लागले. परंतु स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पदरात फारसे काही पडले नाही. क्ष-किरणांच्या चित्रात फरक दिसतो तो ते किरण कमी-अधिक शोषले जाण्यामुळे. हाडातले कॅल्शियम ते भरपूर शोषते. गर्भाशय, बीजांडकोश, आतडी, मूत्राशय हे सारे मऊ ऊतींचे बनलेले. किरण शोषण्याच्या बाबतीत ते जवळजवळ सारखेच. त्यामुळे ओटीपोटाच्या फिल्मवर कंबरेची हाडे स्पष्ट दिसत आणि त्यांच्या मध्ये नुसता राखी धूसरपणा.

यावर उपाय निघाला तो असा, की गर्भाशयात क्ष-किरण शोषणारा द्रव सोडायचा आणि मग फिल्म काढायची. १९१४ साली अमेरिकेत आयसिडोर रूबिन व विल्यम केरी यांनी असे प्रयोग केले. गर्भाशयाच्या पोकळीचा आकार आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की बंद, हे त्यातून कळू लागले. वंध्यत्वाच्या तपासणीत ही पद्धत आजही वापरली जाते. मात्र तिची मर्यादाही लवकरच लक्षात आली. तपासणीच्या वेळी गर्भनलिकेचे तोंड नुसते आकुंचन पावले, तरी फिल्मवर ती नलिका बंद दिसते. उलट नलिका मोकळी दिसली, तरी तिचे आतले अस्तर नीट काम करते की नाही हे फिल्म सांगत नाही. फिल्मवर दिसतो तो द्रव. गर्भाशयाची भिंत आणि बाहेरच्या बाजूला काय आहे ते अंधारातच राहते.

दोन मोटारी भरून गाठी

यानंतरचा मोठा टप्पा स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पार पडला. इयान डोनाल्ड हे १९५४ पासून तेथील विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर म्हणून काम केले होते आणि तेथे रडार व सोनार या तंत्रांशी त्यांचा परिचय झाला होता. समुद्रात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव लागतो, तर पोटातल्या गाठीचा का लागू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

त्या काळी बॉयलर बनवणारे कारखाने धातूच्या जोडातील चिरा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरीत. ग्लासगोजवळ रेन्फ्रू येथे बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीचा असा कारखाना होता. जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड तेथे गेले ते दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी भरून! काही गर्भाशयाच्या घट्ट गाठी, म्हणजे फायब्रॉइड. काही बीजांडकोशाच्या पाण्याने भरलेल्या गाठी. तुलनेसाठी कारखान्यातल्या लोकांनी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. यंत्राच्या पडद्यावर फरक स्पष्ट उमटला. पाण्याच्या गाठीत शिरलेला ध्वनी मधे कोठेही न अडता पलीकडच्या भिंतीवरून परत येई. घट्ट गाठीत तो ठिकठिकाणी परावर्तित होत विरून जाई.

पुढे टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीला सहकारी चेष्टा करीत. परंतु एका रुग्णेने चित्र पालटले. तिचे पोट फुगले होते, वजन घटत चालले होते. क्ष-किरण तपासणीवरून जठराचा कर्करोग, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, असे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने सांगितले की पोटात पाण्याने भरलेली एकच प्रचंड गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, बीजांडकोशाची साधी गाठ निघाली आणि बाई बरी झाली. ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राऊन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. स्त्रीरोगशास्त्रातल्या सोनोग्राफीचा आरंभ या निबंधापासून धरतात.

त्यानंतरची प्रगती वेगवान होती. भरलेल्या मूत्राशयाचा खिडकीसारखा उपयोग करायची युक्ती सापडली. आजही तपासणीपूर्वी भरपूर पाणी प्यायला सांगतात ते त्यासाठीच. १९८० च्या दशकात योनिमार्गातून तपासणी करण्याची यंत्रे प्रचारात आली आणि चित्रे आणखी स्पष्ट झाली. आपल्याकडे हे यंत्र गर्भलिंगनिदानासाठी बदनाम झाले आणि महाराष्ट्राने १९८८ साली त्यावर देशातला पहिला कायदा केला, हे वाचकांना ठाऊकच आहे. तो वेगळा विषय आहे. आपला प्रश्न असा की, इतक्या उपयुक्त यंत्राला काय दिसत नाही, आणि का?

काचेची नळी कशी नाहीशी होते

येथे वर्गात सहज करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी घ्या. ती पाण्याच्या चंचुपात्रात बुडवली तर स्पष्ट दिसते. आता चंचुपात्रात ग्लिसरीन घ्या, नळीही ग्लिसरीनने भरा आणि आत बुडवा. नळीचा बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो. नळीचा आकार कमी झालेला नाही, आपले डोळेही अधू झालेले नाहीत. या काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक जवळपास सारखा, सुमारे १.४७ आहे. त्यामुळे दोहोंच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होत नाही आणि वळतही नाही.

सोनोग्राफीचे असेच आहे. शेजारच्या दोन ऊतींचा ध्वनिरोध वेगळा असेल, तरच सीमेवरून प्रतिध्वनी येतो. ध्वनिरोध म्हणजे माध्यमाची घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग. फरक फारच मोठा असेल तर दुसरी अडचण. ऊती आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी मागे फिरतो आणि पलीकडचे काहीच दिसत नाही. आतड्यातल्या वायूमुळे तपासणीत अडथळा येतो तो यामुळे.

दुसरी मर्यादा तरंगलांबीची. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. पोटावरून तपासणी करताना वारंवारता साधारण ३.५ मेगाहर्ट्झ असते. भागाकार केल्यास तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर येते. वारंवारता ७ मेगाहर्ट्झ केली तर ती ०.२२ मिलिमीटर होते, म्हणजे बारीक गोष्टी ओळखता येतात. मग वारंवारता हवी तेवढी का वाढवू नये? कारण वारंवारता वाढते तसा ध्वनी ऊतींमध्ये लवकर शोषला जातो आणि खोलवर पोचत नाही. योनिमार्गातून केलेल्या तपासणीत गर्भाशय यंत्राच्या अगदी जवळ असल्यामुळे जास्त वारंवारता वापरता येते. अविवाहित मुलींमध्ये सहसा ही तपासणी करत नाहीत. पोटावरूनच पाहिले जाते. म्हणजे शाळकरी मुलीच्या रिपोर्टमागचे चित्र मुळातच थोडे ढोबळ असते, हे लक्षात ठेवायला हवे.

आजार आहे, पण चित्र स्वच्छ

आता पहिल्या मुलीकडे वळू. पाळीच्या तीव्र वेदनांची कारणे अनेक आहेत. पुष्कळदा गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे त्याचे जोराने आकुंचन होते. यात कोणताच अवयव बिघडलेला नसतो, तरी वेदना खऱ्याच असतात. दुसरे एक महत्त्वाचे कारण म्हणजे एन्डोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, उदरपोकळीच्या अस्तरावर, बीजांडकोशांवर किंवा आतड्यांवर रुजतात. दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात, दुखते. जगातल्या प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० साली अशा ऊतींचे वर्णन केले होते. अमेरिकेतल्या अल्बनी गावचे शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात या विकाराचा कसून अभ्यास केला. पाळीच्या वेळी थोडे रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तेथे रुजतात, ही कल्पना त्यांचीच. बीजांडकोशात जुने, काळपट रक्त साठून होणाऱ्या ‘चॉकलेट’ गाठींचे वर्णनही त्यांनी केले. अशी गाठ सोनोग्राफीत चांगली दिसते. पण उदरपोकळीच्या अस्तरावर विखुरलेले ठिपके काही मिलिमीटरचे, चपटे आणि बहुतांशी आजूबाजूच्या ऊतींसारखाच ध्वनिरोध असलेले. ग्लिसरीनमधली नळीच ती! एमआरआयमध्ये खोल रुजलेल्या गाठी बऱ्यापैकी दिसतात. वरवरचे ठिपके तेथेही भरवशाने दिसत नाहीत.

ते दिसले दुर्बिणीमुळे. स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियन याकोबेउस यांनी १९१० साली माणसाच्या उदरपोकळीत नळी घालून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पॅरिसचे राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात ती स्त्रीरोगांसाठी वापरात आणली. इंग्लंडमध्ये ओल्डहॅमचे पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली लॅपरोस्कोपीवर पुस्तक लिहिले. १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तिच्यामागच्या प्रयत्नांतले स्टेप्टो ते हेच. लॅपरोस्कोपीचा प्रसार झाला आणि ज्यांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले जात होते, अशा अनेक स्त्रियांच्या पोटात काळे, लाल, पांढरट ठिपके सापडू लागले. २०१६ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा निष्कर्षही असाच होता, की ओटीपोटातला एन्डोमेट्रिऑसिस सरसकट ओळखण्यासाठी कोणतेही प्रतिमातंत्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाही.

दुर्बिणीचा शब्द तरी अखेरचा का? तसेही नाही. ठिपके किती आहेत आणि दुखते किती, यांचा मेळ बसत नाही, हे वारंवार आढळले आहे. थोड्या ठिपक्यांनी कोणी बेजार होते, तर कोणाला मोठा विकार असूनही वंध्यत्वाची तपासणी होईपर्यंत पत्ताच नसतो. शिवाय लॅपरोस्कोपी ही भूल देऊन करायची शस्त्रक्रिया आहे. म्हणून मानवी प्रजननाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत सांगितले की प्रत्येकीची लॅपरोस्कोपी करण्याची गरज नाही. लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात. मात्र चित्र स्वच्छ असले म्हणजे आजार नाही असे समजू नये, हेही तिने बजावले आहे.

चित्रात आहे, पण आजार नाही

दुसऱ्या मुलीची गोष्ट याच्या उलट आहे. १९३५ साली शिकागोच्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, अंगावर जास्त लव, मूल नाही आणि शस्त्रक्रियेत दिसलेले मोठे, अनेक पुटकांनी भरलेले बीजांडकोश. या लक्षणसमूहाला पुढे पीसीओएस हे नाव पडले. आपल्याकडे बोलताना ‘पीसीओडी’ म्हणतात.

सोनोग्राफी आल्यावर असे बीजांडकोश पोट न उघडता दिसू लागले. मग एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. १९८८ साली लंडनच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये लिहिले की, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या सामान्य स्त्रियांची त्यांनी सोनोग्राफी केली, तर पाचांत एकीपेक्षा जास्त जणींचे बीजांडकोश असेच दिसले. म्हणजे जे दिसते ते नेहमी रोगाचेच लक्षण असते असे नाही. ही पुटके म्हणजे गाठीही नव्हेत. ती वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके असतात.

२००३ साली रॉटरडॅम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी निकष ठरवले. अनियमित बीजोत्सर्जन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतले चित्र, या तिन्हींपैकी किमान दोन हवेत. चित्रासाठी एका बीजांडकोशात २ ते ९ मिलिमीटरची १२ किंवा अधिक पुटके, असा एक आकडाही ठरला. पुढे यंत्रे सुधारली, बारीक पुटकेही मोजता येऊ लागली आणि कितीतरी निरोगी तरुणी १२ चा आकडा ओलांडू लागल्या! शेवटी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने नव्या यंत्रांसाठी हा आकडा २० केला. स्त्रिया होत्या तशाच होत्या. यंत्र बदलले म्हणून सीमारेषा सरकवावी लागली.

त्याच मार्गदर्शिकेतली एक सूचना शाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. या वयात अनेक पुटके असणे ही वाढीतली सामान्य अवस्था असते. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंत केवळ चित्रावरून हे नाव चिकटवणे शास्त्राला धरून नाही. तिची पाळी खरोखर फार अनियमित असेल, चेहऱ्यावर जास्त केस येत असतील, तर डॉक्टरांनी तपासावे, रक्ताच्या चाचण्या कराव्यात. ते अर्थातच योग्य आहे.

लाखो स्त्रियांची परीक्षा

चित्रामुळे नुकसानही होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या चाचण्यांतून मिळाले. बीजांडकोशाचा कर्करोग पुष्कळदा उशिरा कळतो. तेव्हा निरोगी स्त्रियांचीच दरवर्षी सोनोग्राफी केली तर तो लवकर सापडेल आणि प्राण वाचतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांवर ही कल्पना तपासली गेली. निम्म्या स्त्रियांची योनिमार्गातून सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी ठरावीक वर्षे केली, बाकीच्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. २०११ साली निष्कर्ष आले. तपासणीच्या गटात या कर्करोगाने ११८ स्त्रिया दगावल्या, दुसऱ्या गटात १००. म्हणजे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना संशय सांगितला गेला. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली.

ब्रिटनमध्ये याहून मोठी, दोन लाखांवर स्त्रियांची चाचणी २००१ साली सुरू झाली. २०२१ मध्ये तिचा अंतिम निष्कर्षही तोच निघाला. याचे एक कारण आता उमगले आहे. या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार बऱ्याचदा गर्भनलिकेच्या टोकाशी अगदी सूक्ष्म रूपात सुरू होतो आणि दिसण्याजोगी गाठ होण्याआधीच पोटात पसरू शकतो. चित्र दरवर्षी काढले तरी ते उशिराचेच ठरते.

आता आपल्याकडची एक चाचणी पाहू. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधी तेथील पेशींत बदल होतात. ते सोनोग्राफीत दिसत नाहीत. मात्र गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य ॲसेटिक आम्ल लावले तर तो भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी घेतली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याआधी २००९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील मोठ्या चाचणीत असे दिसले होते की, एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. आम्लाची तपासणी एकदाच केल्याने मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता. दोन्ही कर्करोग वेगळे आहेत, त्यामुळे साधनांची थेट तुलना करता येणार नाही. पण महागडे यंत्र म्हणजे चांगले निदान, हे समीकरण टिकत नाही एवढे नक्की.

गडचिरोलीने काय दाखवले

१९८० च्या दशकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्येच आला. डोनाल्ड यांच्या निबंधानंतर एकतीस वर्षांनी. हकीकत विचारणे, अंतर्तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या, ही या पाहणीची मुख्य साधने होती. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरी एका स्त्रीमागे ३.६ विकार. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे होते. योनिमार्गाचा किंवा गर्भाशयमुखाचा संसर्ग सोनोग्राफीत क्वचितच काही खूण दाखवतो. आणि यापूर्वी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

या पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रारी सांगितल्या, ४५ टक्के स्त्रियांना काही तक्रार नव्हती. तरीही एकूण ९२ टक्क्यांना विकार होते. याचा अर्थ नुसते विचारणेही पुरेसे नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानणारी स्त्री तक्रार कशाला सांगेल? हकीकत, हाताची तपासणी, प्रयोगशाळा, सोनोग्राफी, दुर्बीण यांपैकी प्रत्येक साधनाला काही दिसते आणि काही दिसत नाही. डॉक्टरांचे कौशल्य म्हणजे कोणत्या प्रश्नासाठी कोणते साधन घ्यायचे, हे ठरवणे.

सोनोग्राफी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. फायब्रॉइड, बीजांडकोशाची मोठी गाठ, पीळ पडलेला बीजांडकोश, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, अशा प्रसंगी तिने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत. तीव्र वेदना असलेल्या मुलीची सोनोग्राफी अवश्य व्हावी. असे धोके नाहीत ना, हे तिच्यातून पाहता येते.

आपल्या वर्गातल्या पहिल्या मुलीच्या पालकांना आता काय सांगायचे? रिपोर्टात ‘नॉर्मल’ असे लिहिले आहे त्याचा अर्थ गाठ, सूज असे काही दिसले नाही. दुखत नाही असा नव्हे. मुलीला एका वहीत नोंद करायला सांगावी. पाळीची तारीख, दुखणे कधी सुरू झाले, किती दिवस राहिले, शाळा किती दिवस बुडाली, कोणती गोळी घेतली आणि तिने उतार पडला का. तीन महिन्यांची ही नोंद घेऊन पालकांनी पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. साध्या औषधांनी उतार पडत नसेल, तर नोंद पाहून डॉक्टर पुढचा विचार करतील. दुसऱ्या मुलीच्या आईला आठ वर्षांची सूचना सांगावी आणि रिपोर्टावरची अक्षरे पाहून घाबरून न जाता डॉक्टरांशी बोलायला सुचवावे.

आणि ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, त्यांनी ग्लिसरीनमधली परीक्षानळी मुलांना व मुलींना दोघांनाही दाखवावी. नळी बाहेर काढून हातात देताना, ती आत असताना का दिसली नाही, हे त्यांनाच विचारावे.